येमूलच्या कथेचा शेवट

चिंतामण ओगले यांना झोप येतेय, पण अजून लागलेली नाही. दुपारचे दोन वाजलेत. वरणभात, गवारीची भाजी आणि वर वाटीभर ताक असं जेवण पोटात गेलंय, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि छातीवर प्रुफांचा गठ्ठा पडलाय. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी अशा वेळी माणसाने सरळ घोरावं. पण पाच वाजता पुस्तक छपाईला जायचंय, आणि तेजल मुतालिक नावाच्या प्रकाशक मुलीचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेलाय, की सर, तुमचा शेवटचा होकार तेवढा हवाय.

पुस्तकाचं नाव ‘निऑन सह्याद्री’. ज्यांना हसू आलं असेल त्यांनी खुशाल हसून घ्यावं. मराठी सायबरपंक कथांचा हा संग्रह आहे म्हणे. सहा महिन्यांपूर्वी ओगल्यांना कुणी सायबरपंक म्हणजे काय असं विचारलं असतं, तर त्यांनी कपाळाला आठ्या घालून, “केसांचे रंगीत तुरे काढून हिंडतात ती पोरं का?” असं उलट विचारलं असतं. आता ते त्यावर प्रस्तावनेची चौदा पानं लिहून बसलेत. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेकडे हा प्रकार रुजला, त्यात कंपन्या सरकारांपेक्षा मोठ्या असतात, यंत्रं देखणी असतात आणि माणसं फाटकी, आणि त्या फाटक्यांतलाच एखादा तारांच्या जाळ्यात शिरून मोठ्यांची झोप उडवतो, हे सगळं त्यांनी इंटरनेटवरून उतरवून काढलंय. लिहिलंय मात्र असं, की जणू बारशालाच हजर होते.

चौदाव्या पानावर, संग्रहात घेतलेल्या एका कथेबद्दल, ते म्हणतात, ‘१९८८ साली “शास्त्रमंजिरी”चा संपादक या नात्याने मी सोलापूरच्या राजेशम येमूल यांची “अंगठ्याचा चमत्कार” ही कथा दिवाळी अंकात मोठ्या विश्वासाने छापली. पाश्चात्त्य सायबरपंकचा प्रभाव पचवलेली ही मराठीतली पहिली कथा होय. हा हिरा मला ओळखता आला, हे माझे भाग्य.’

या तीन वाक्यांतल्या थापा मोजायला एका हाताची बोटं पुरायची नाहीत. कथेचं नाव ते नव्हतं. विश्वास तर अजिबात नव्हता. हिरा वगैरे ओळखला असता, तर त्या येमूलने नंतर जन्मात लेखणी हातात धरली नाही असं झालं नसतं. आणि मुख्य म्हणजे त्या कथेचा शेवट येमूलने लिहिलेलाच नव्हता, तो ओगल्यांनी लिहिला होता. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातलं एक पंधरा वर्षांपूर्वी वारलं. तेव्हा ओगल्यांनी निर्धास्त झोपायला काहीच हरकत नाही.

पापणी मिटते आणि पायाशी कुणीतरी बसतं. गादी त्या बाजूला दबते.

“कुमुद?” ओगले विचारतात. कुमुद म्हणजे त्यांची बायको.

“मी आहे ओ सर. झोपलाव की काय?”

पलंग आता पलंग राहिलेला नाही. तो ‘शास्त्रमंजिरी’च्या कचेरीतला लाकडी बाक आहे, पाठीला तोच खिळा टोचतोय. भिंतीवर जगातल्या थोर शास्त्रज्ञांच्या तसबिरी ओळीने लागल्यात आणि सगळ्यांनी ओगल्यांचाच चष्मा घातलाय. त्यात ओगल्यांना काही वावगं वाटत नाही. समोर राजेशम येमूल बसलाय, छत्तीस वर्षांपूर्वी एकदाच आला होता तसा. टेलिफोन खात्याचा खाकी शर्ट, खिशाला टेस्टर, आणि मांडीवर दिवाळी अंक.

“येमूल, तुम्ही तर वारलात ना?”

“वारलो की. त्याशिवाय एवढी रजा कोण देतंय?”

“बरं झालं आलात,” ओगले म्हणतात. झोपेतसुद्धा त्यांच्या आवाजातला संपादक काही झोपलेला नाही. “तुमच्यावर लिहिलंय मी. वाचून दाखवतो.” आणि ते चौदावं पान वाचून दाखवतात. हिऱ्यापाशी आवाज जरा कापरा करतात, कारण रविवारच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात तिथे तो तसा करायचा त्यांचा बेत आहे.

येमूल शांतपणे ऐकतो. मग नाकातून हसतो.

“कुणाचा प्रभाव म्हणलाव?”

“पाश्चात्त्य सायबरपंकचा.”

“एक पुस्तक वाचलो होतो सर. एकच. रद्दीवाल्याकडं मिळालं. कव्हर नाही, लेखकाचं नाव नाही, मागची चाळीस पानं बी नाहीत. डिक्शनरी घेऊन बसलो, तरी निम्मं कळलं नाही. पण त्यातली ती कंपनी कळली. पाणी तिचं, धान्य तिचं, दारं तिची, अन् माणूस म्हणजे तिच्या वहीतला एक नंबर. म्हणलो, हे आपल्याकडं बी येणार.”

“म्हणजे प्रभाव आहेच!” ओगले खूश होतात.

“कंपनी कशी असती ते पुस्तकात वाचलो. माणूस कसा असतो ते घरात बघितलो. आमची अम्मा, पोशव्वा. चाळीस वर्षं विड्या वळली. मांडीवर सूप, सुपात पानं, अन् अंगठा दिवसभर तंबाखूवर घासूलालाय. तिच्या अंगठ्याचा प्रभाव म्हणून लिहा की तुमच्या चौदा पानांत. लिवता येतंय का बघा.”

ओगल्यांना हे लिहिता येणार नाही. त्याला संदर्भग्रंथ कुठला द्यायचा?

येमूलच्या कथेचं खरं नाव ‘रेघा’. ती घडते सन दोन हजार वीसमध्ये, सोलापुरात, आणि लिहिली गेली तेव्हा ते साल फार लांब होतं. एका कंपनीने सगळ्या शहरात अंगठा ओळखणारी यंत्रं बसवलीत. अंगठा टेकवला की धान्य, अंगठा टेकवला की पाणी, अंगठा टेकवला की दवाखान्याचं दार. एका विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा गुळगुळीत झालाय, त्यावर एक रेघ उरलेली नाही. यंत्र म्हणतं, अशी व्यक्ती अस्तित्वात नाही. तिचा मुलगा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला आहे. तारांतून वाट काढत तो कंपनीच्या यंत्रात शिरतो, आईचं नाव शोधतो, आणि त्याला तिथे आईसारखी लाखभर माणसं सापडतात, नावं असलेली, पण यंत्राच्या लेखी नसलेली. इथवर येमूलची कथा.

‘शास्त्रमंजिरी’ची पद्धत अशी होती, की प्रत्येक कथा आधी विज्ञान सल्लागारांकडे जाई. हे सल्लागार म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी समासात हिरव्या शाईने लिहिलं, ‘अंगठ्यावरील रेषा झिजत नाहीत. असंभव.’ त्या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात विडी वळणाऱ्या बाईचा हात पाहिला नव्हता, पण रेषा झिजत नाहीत हे त्यांना बसल्या जागी कळलं. ओगल्यांनाही ते पटलं. शिवाय कथेत बोध नव्हता, आणि बोधाशिवाय विज्ञानकथा म्हणजे त्यांच्या मते नुसताच वात्रटपणा. तेव्हा त्यांनी शेवटचं पान काढून टाकलं आणि स्वतःच्या हाताने नवं लिहिलं.

“वाचा की ते बी,” येमूल मांडीवरचा अंक पुढे करतो. “हौसेनं लिहिलाव, तर हौसेनं वाचा.”

ओगले वाचतात. “‘इतक्यात डॉ. भास्कर पुढे आले. त्यांनी यंत्राला नवे भिंग बसवले. यंत्राने म्हातारीचा अंगठा ओळखला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. विज्ञान शाप की वरदान, हे ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, असे म्हणून डॉ. भास्कर मंद हसले.’”

“हे डॉ. भास्कर कुठून आले ओ? अख्ख्या कथेत नव्हते.”

“शेवटी शास्त्रज्ञ लागतो, येमूल. वाचकाला आशा लागते.”

“पुढं?”

“पुढे काय?”

“पुढं चौकट आहे. ती बी वाचा.”

पुढे खरंच चौकट आहे, ‘या कथेतील विज्ञान’ अशी, आणि तिच्यात बहिर्वक्र भिंगाची आकृती काढलीय. ओगले ती वाचत नाहीत. एवढी लाज त्यांना आहे.

“मी तेव्हा बी आलो होतो,” येमूल म्हणतो. “एसटीनं सोलापूरहून आलो. म्हणलो, सर, तेवढं शेवटचं पान परत द्या, मला दुसरीकडं छापायचंय. तुम्ही काय म्हणलाव?”

ओगल्यांना आठवतं ते काय म्हणाले. ते म्हणाले होते, ‘अंकात स्पष्ट सूचना असते, लेखकांनी स्थळप्रत स्वतःजवळ ठेवावी.’ वर असंही म्हणाले होते, की अहो येमूल, तुम्ही तारा जोडणारी माणसं, तारा जोडा. येमूलने अशी दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. तो ड्यूटीवर असताना ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायचा आणि मग त्याच एका प्रतीला टाचणी लावून पाठवायचा. संपादक नावाच्या माणसावर इतका विश्वास ठेवणारा लेखक पुन्हा व्हायचा नाही.

“उठा,” येमूल म्हणतो.

कचेरीचं दार उघडतं आणि पलीकडे जिना नाही, टेलिफोन एक्स्चेंज आहे. छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांत हजारो खटके एकसारखे खटखट करतायत. ओगले बनियन आणि पायजम्यावर त्यांच्यामधून चालतात. प्रत्येक खटक्यातून बारीक आवाज येतोय. ते कान लावतात. एक बाई म्हणतेय, मी आहे, मी आहे. शेजारच्या खटक्यातून एक म्हातारा म्हणतोय, मी आहे.

“हे सगळे कोण?”

“कथेतले लाखभर. तुमचे डॉ. भास्कर आले अन् टाळ्या वाजल्या, मग ह्यांना कोण विचारतंय? तवापासून इथंच हाएत.”

खटखट वाढते, आणि वाढता वाढता तिचा ठेका होतो. मांडण्यांच्या मधली वाट रुंदावत जाते, तिला गालिचा फुटतो, आणि ओगले एका वातानुकूलित सभागृहात उभे असतात. जांभळा उजेड आहे. हा रविवारचाच कार्यक्रम. ऐन मे महिन्यात काळी कातडी जाकिटं घालून पोरं बसलीत आणि घामाने निथळतायत. अंधारात गॉगल लावल्यामुळे त्यांना एकमेकांच्या पायावर पाय देतच चालावं लागतंय. मोठ्या पडद्यावर पुढच्या काळातलं एक शहर दाखवतायत. तिथे सदा पाऊस पडतोय, आणि कुणालाच वाचता न येणाऱ्या जपानी पाट्या लुकलुकतायत.

येमूल पडदा बघत राहतो.

“एवढा पाऊस? आमच्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी. ह्यांच्या पुढच्या जगात सगळं वाईट दाखवतेत अन् पाणी तेवढं भरपूर!”

“ते वातावरण असतं, येमूल. त्याला शैली म्हणतात. तुम्हाला कल्पना नाही, केवढा प्रभाव पडलाय याचा. सिनेमे, खेळ, कपडे, जाहिराती…”

“हां, ते सांगा. प्रभाव.” येमूल खुर्चीच्या पाठीवर रेलतो. “चार चिडलेल्या पोरांनी घाबरून लिहिलं, की बाबांनो, उद्या असं होईल, सावध राहा. अन् कंपनीवाल्यांनी ते वाचलं. म्हणाले, झकास आहे, कधी सुरू करायचं? हा तुमचा प्रभाव. जे भ्यायला पाहिजे होते ते जाकीट घालून बसलेत, अन् ज्यांनी शरमायला पाहिजे होतं त्यांनी हॉल घेतलाय.”

ओगले पाठीमागचा फलक बघतात. प्रायोजकाचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, ‘निऑन सह्याद्री’ त्याच्या खाली. प्रायोजक ही कचेऱ्यांतून हजेरी लावायची अंगठ्याची यंत्रं विकणारी कंपनी आहे. तेजलने हे त्यांना दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, आणि ते म्हणाले होते, वा, विषयाला अगदी साजेसं आहे. तेव्हा त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

“शेवट काय होता सर?” येमूल अचानक विचारतो.

“कुठला?”

“माझा. तुम्ही फाडलाव तो.”

“आठवत नाही हो. छत्तीस वर्षं झाली.”

“पाच वाजता छापायला जातंय ते. पुन्हा डॉ. भास्कर हसणार. आता पुस्तकात म्हणजे कायमचेच हसणार. माझ्या पोरीनं परवानगीवर सही केली, तिला वाटलं बापानंच तसं लिहिलंय. बाप असलं बुळबुळीत लिहायचा म्हणून तिनं ते एकदाच वाचलं अन् ठेवून दिलं.” येमूलचा आवाज चढत नाही. चढला असता तर ओगल्यांना बरं वाटलं असतं. “शेवट काय होता?”

“खरंच आठवत नाही.”

“बरं,” येमूल म्हणतो. “मग चला, तुमचा सत्कार आहे.”

व्यासपीठाकडे जाणाऱ्या वाटेवर रांग लागलीय. ओगले रांगेत उभे राहतात आणि त्यांच्या तळपायाला चटका बसतो. गालिचा नाही, फुफाटा आहे. वर सोलापूरचं ऊन आहे. जांभळे दिवे नाहीत, पत्र्याची शेड आहे, धान्याची पोती आहेत, लोखंडी तराजू आहे आणि टेबलावर एक छोटं यंत्र. रांगेत पुढे एक म्हातारी आहे, नऊवारी लुगडं नेसलेली, हातात पिशवी. तंबाखूचा उग्र वास येतोय. ती यंत्रावर अंगठा टेकवते. यंत्र बायकी आवाजात म्हणतं, जुळत नाही. ती अंगठा पदराला पुसते आणि पुन्हा टेकवते. जुळत नाही. ती थुंकी लावून बघते. जुळत नाही.

म्हातारी मागे वळते. तिच्या चेहऱ्यावर राग नाही, नुसता कंटाळा आहे.

“मास्तर, तुझा तरी लागतोय का बघ,” ती ओगल्यांना म्हणते आणि बाजूला होते.

ओगले अंगठा टेकवतात. यंत्र लगेच टिंग करतं. “स्वागत आहे, ओगले सर.” शेडच्या मागच्या बाजूने टाळ्या वाजतात. पत्रा बाजूला सरकतो, आत पुन्हा तो जांभळा उजेड, थंड हवा, आणि एका चांदीच्या तबकात शाल आणि श्रीफळ. ओगल्यांचं पाऊल उचललं जातं. खरं सांगायचं तर ते त्यांना उचलावंच लागत नाही, ते आपसूक जातं. सत्काराच्या दिशेने ते नेहमी तसंच गेलेलं आहे.

“जा की,” येमूल मागून म्हणतो. “अम्मा हाय बाहेर. तिला सवय हाय.”

ओगले दाराच्या चौकटीत थांबतात. एक पाय गार फरशीवर आहे, एक फुफाट्यात. ते म्हातारीकडे बघतात. ती आता सावलीला उकिडवी बसलीय आणि रिकाम्या पिशवीची घडी घालतेय. नीट चार कोपरे जुळवून. आणि ओगल्यांना रडू फुटतं. कारण कथेच्या त्या शेवटच्या पानावर हेच होतं, पिशवीची ही घडीसुद्धा होती.

“मला आठवतं,” ते म्हणतात.

“काय?”

“शेवट. मला पहिल्यापासून आठवतोय. शब्दन् शब्द. मी विसरलोच नव्हतो.”

“हे ठाऊक हाय मला,” येमूल म्हणतो. “विसरला असता तर माफ केलं असतं. सांगा.”

ओगले सांगायला तोंड उघडतात. आवाज येत नाही. पन्नास वर्षं ज्या तोंडाने दुसऱ्यांच्या लेखनातले दोष दाखवले, त्यातून आता साधं एक वाक्य बाहेर पडत नाहीये.

“सांगता येईना तर करून दाखवा,” येमूल म्हणतो.

शेड नाही. एक बुटकं घर आहे, दारात अंगण, अंगणात एक खरबरीत काळा दगड. विडीची पानं कापायच्या कात्र्यांना त्यावर धार लावतात. ओगल्यांना काय करायचंय ते ठाऊक आहे. ते गुडघे मोडून बसतात, या वयात बसवत नाही तरी बसतात, आणि उजवा अंगठा दगडावर ठेवून हळूच एकदा मागेपुढे करतात.

येमूल कमरेवर हात ठेवून बघतो.

“हे काय करूलालाव? संपादन? नुसतं वरवरचं? नीट घासा की.”

ओगले घासतात. अंगठ्याची आग होते. ते थांबून वर बघतात.

“झालं का?”

“माझ्या पोराला एका रात्रीत जमलं होतं. कथेतल्या. तुम्ही तर छत्तीस वर्षं घेतलाव. आता घाई कशाला?”

ते पुन्हा घासू लागतात. शेजारी म्हातारी येऊन बसते, मांडीवर सूप घेते आणि विड्या वळायला लागते. ती त्यांच्याकडे बघतही नाही. दगडाचा खर्र खर्र आणि पानांची सळसळ, एवढाच आवाज उरतो. येमूलचे पाय दिसतात, मग नुसत्या चपला, मग नुसतं अंगण. “येमूल,” ओगले हाक मारतात, “मी कोत्या मनाचा माणूस आहे हो. मला तुमची कथा आवडली होती. मला ती फार आवडली होती, म्हणून मी ती मोडली.” हे ऐकायला तिथे कुणी नाही. म्हातारीला मराठी साहित्यात रस नाही.

“अहो, चहा घेताय ना? साडेचार व्हायला आले.”

कुमुदताई कप घेऊन उभ्या आहेत. पंखा गरगरतोय. प्रुफं जमिनीवर पसरलीत. ओगले उठून बसतात, चष्मा शोधतात आणि आधी फोन उचलतात. तेजलला फोन करायला हवा. ते फोनवर अंगठा ठेवतात.

जुळत नाही.

ते अंगठा पायजम्याला पुसतात, पुन्हा ठेवतात. जुळत नाही. तिसऱ्यांदा, जरा दाबून. फोन थरथरतो आणि गप्प होतो. ओगले खिडकीपाशी जातात आणि उजेडात अंगठा धरतात. सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत आहे तो. मध्ये जरा लाल झालाय. रेघ एकही नाही.

“कुमुद, हे बघ.”

त्या बघतात. “होतं या वयात,” त्या म्हणतात. “माझा दोन वर्षं झाली, लागतच नाही. बँकेत दर वेळी तो मुलगा चार-चारदा टेकवायला लावतो. मागच्या खेपेला तर परतच पाठवलं.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्हाला काय सांगायचं त्यात? चहा गार होतोय.”

ओगले कप घ्यायला हात पुढे करतात. भांडी घासून घासून गुळगुळीत झालेला तो अंगठा कपाच्या कानात अडकलेला आहे. पन्नास वर्षांत त्यांनी तो कधी पाहिला नव्हता.

“तुझा फोन दे,” ते म्हणतात.

“त्याला अंगठा नाही, नंबर आहे. थांबा, लावून देते.”

तेजल पहिल्याच घंटीला फोन उचलते. “सर! बरं झालं. ओके ना सगळं? मी पाठवू फाइल?”

“प्रस्तावना काढून टाक.”

“म्हणजे?”

“चौदाच्या चौदा पानं. तिथे एवढंच छाप, की ‘येमूल यांच्या कथेचं नाव आणि शेवट मी बदलला होता. तो अपराध होता.’ खाली माझं नाव. कथेचं नाव ‘रेघा’. आणि डॉ. भास्कर पुढे येतात तिथपासून सगळं उडव. चौकटसुद्धा.”

“सर, रविवारी तुमचा सत्कार आहे. हे छापलं तर तो… म्हणजे कसं करायचं मी?”

“करू नको. मी येईन, मागे कुठेतरी बसेन. येमूलच्या मुलीला बोलाव. भाषण तिला करू दे.”

“आणि मग कथेला शेवट काय?”

“लिहून घे.”

“सर, प्रायोजक…” तेजल म्हणते आणि थांबते. मग खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. “सावकाश सांगा. टाइप करतेय.”

ओगले डोळे मिटतात. कागद लागत नाही.

“‘त्याला वाटलं, आईचं एक नाव आत लिहून टाकावं. एका बोटाचं काम होतं. पण बाकीच्यांची नावं कुणी लिहायची? त्याने तार काढून घेतली आणि घरी आला. कात्रीला धार लावायच्या दगडावर त्याने आपला अंगठा पहाटेपर्यंत घासला. सकाळी दुकानासमोर रांग होती. यंत्र आईला जुळत नाही म्हणालं, तेव्हा ती बाजूला बसून पिशवीची घडी घालू लागली. तो पुढे झाला आणि त्याने अंगठा टेकवला. जुळत नाही, यंत्र म्हणालं. तो आईशेजारी जाऊन बसला. त्याच्या मागचा माणूस पुढे झाला. त्यानेही रात्री अंगठा घासलेला होता.’”

की-बोर्डची टकटक थांबते.

“पुढे, सर?”

“पुढे काही नाही,” ओगले म्हणतात. “एवढंच होतं.”